न जुळलेले साडेतीन फूट

काका, तुमचा जिना मी परवा पाहिला. फोनवर पाहिला, पण पाहिला. माझी मुलगी शिकायला इंग्लंडला गेली आहे, आणि मी चार महिने तिच्या मागे लागले होते की एवढ्या एका गावाला जाऊन ये, ट्रेननं दोन तासांवर तर आहे. शेवटी कंटाळून गेली. तिनं अकरा फोटो पाठवले. बाहेरून विटांची इमारत, कोपऱ्यांना पांढरे दगड, वर छोटा घुमट आणि त्यात घड्याळ, खाली कमानी. आणि आत, दोन भिंतींच्या मध्ये, एक माणूस जेमतेम मावेल असा दगडी जिना. पायऱ्या मधोमध झिजलेल्या. तिथे आता दिवा लावलाय आणि एक पाटी आहे. मी फोन केला, तर ती म्हणाली, "इट्स जस्ट अ स्टेअरकेस, मम्मा. यू आर क्राइंग फॉर अ स्टेअरकेस?" ही पोर अबुधाबीत जन्मली, अबुधाबीत वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं चालतं. पण हे तिला कोणत्या भाषेत सांगावं ते मला सुचेना. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्हाला आठवत असेल, मी ऑफिसात आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. वसईहून आलेली, हातात ड्राफ्टिंगचा डिप्लोमा, आणि डोक्यात असा समज की कॉम्प्युटरवर रेघा मारता येतात म्हणजे मला सगळं येतं. शारजात चार नर्सबायांबरोबर एका खोलीत राहायचे. सकाळी सहाला कंपनीची व्हॅन यायची आणि दुबईला पोचेपर्यंत दीड-दोन तास रस्त्यातच उभी असायची. त्या व्हॅनमध्ये तुम्ही पुढच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन, आणि मी मागे. पहिल्या दिवशी पासपोर्ट मागून घेतला तेव्हा मला वाटलं, शिक्का मारून परत देतील. आठवड्यानं विचारलं तर मॅनेजर हसला. "सेफ में है, मॅडम. सेफ में सेफ है." त्याच्या खोलीतली करडी तिजोरी, आणि तिच्यात आम्हा एकोणीस जणांचे पासपोर्ट. नोकरी बदलायची तर जुन्या कंपनीचं 'हरकत नाही' असं पत्र लागायचं. त्याला सगळे एनओसी म्हणायचे, आणि ते कुणाला मिळाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. ते नसेल तर सामान बांधून मायदेशी, आणि सहा महिने परत यायचं नाव नाही. कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. एसी होता, चहा होता, शुक्रवारची सुट्टी होती. पण रोज संध्याकाळी त्या तिजोरीसमोरून जाताना माझी नजर तिच्या कुलपावर जायची. तुम्ही तिच्याकडे बघतच नसायचा. दुबईत सोळा वर्षं काढल्यावर नजरेला सवय होत असेल.

ते इंग्लंडचं काम आलं तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. बाकीचे टॉवर काढत होते, तीस-तीस मजले, एक मजला काढला की बाकीचे कॉपी करायचे. आणि आपल्या दोघांच्या गळ्यात ही एका खेड्याएवढ्या गावातली अडीचशे वर्षांची इमारत. तिथल्या एका आर्किटेक्टनं मापं घेऊन हातानं काढलेले कच्चे कागद आणि फोटोंचं एक पाकीट कुरिअरनं पाठवलं होतं, आणि आपण त्याचे पक्के नकाशे करून द्यायचे होते. ती इमारत 'लिस्टेड' आहे, तुम्ही मला समजावलंत. म्हणजे सरकारच्या यादीत आहे, परवानगीशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही. मी म्हटलं, "काका, म्हणजे तिचापण पासपोर्ट ठेवून घेतलाय." तुम्ही एवढे हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. त्या खाली उघड्या कमानींत आठवड्याला बाजार भरायचा, लोणी, अंडी, कोंबड्या. कमानींच्या मागे एक बिनखिडकीची खोली, दारुडे आणि चोर कोंडायची. वर मोठं दालन, तिथे पूर्वी कोर्ट चालायचं. विटांच्या रांगेत एक लांब, एक आखूड अशी वीट का लावतात, खिडकीच्या वरच्या विटा पंख्यासारख्या तिरप्या का घासतात, हे सगळं तुम्ही मला शिकवलंत. तुम्ही इंग्लंड पाहिलेलं नव्हतं. कराडपलीकडे तुम्ही मुंबई पाहिली आणि दुबई पाहिली. पण फोटोवर भिंग धरून तुम्ही असे बोलायचात की जणू त्या बाजारातून आत्ताच भाजी घेऊन आलात.

आणि तुमचा तो पहिला ओरडा. मी तळमजला काढून दाखवला, अगदी नीट, प्रत्येक कोपरा काटकोनात. कॉम्प्युटरमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की रेघ वाकडी जाऊच शकत नाही. टॉवरसाठी आम्ही सगळे ते कायम दाबूनच ठेवायचो. तुम्ही कागदावर नाक टेकवून पाहिलंत आणि आख्ख्या ऑफिसासमोर म्हणालात, "इमारत अडीचशे वर्षं वाकडी उभी आहे. तू कोण गं तिला सरळ करणारी?" मला इतका राग आला. मी म्हटलं, चार इंचांचा तर फरक आहे. "चार इंच बी तिचेच आहेत," तुम्ही म्हणालात, "तुझ्या बापाचे न्हाईत." मग संध्याकाळी व्हॅनमधून उतरताना खिशातून तुमचं लाकडी तिकोनी स्केल काढून माझ्या हातात दिलंत. कडा पिवळ्या पडलेलं, एका टोकाला दातांच्या खुणा. लहानपणी लेकीनं चावलंय म्हणालात. "मला आता त्यावरचे आकडे नीट दिसत नाहीत, तुला दिसतील." तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ते ऑफिसात माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मापं मी वाचायची आणि तुम्ही ऐकायची, असं आपलं चालू झालं.

शुक्रवारी मी चर्चमधून थेट तुमच्या फ्लॅटवर यायचे. तुम्ही सहा जण राहत होता आणि स्वयंपाक तुमच्याकडे. पिठलं, भात, कांदा फोडून. एका शुक्रवारी तुम्ही टेप माझ्या हातात दिली आणि म्हणालात, हे स्वयंपाकघर आतून माप. मापलं. आता बाहेर जाऊन पॅसेजमधून माप. मापलं. मग बाथरूम. बेरीज केली तर सव्वादोन फूट कमी. मी पुन्हा मापलं, पुन्हा तेवढंच. गॅसवर पिठलं रटरटतंय, एक जण टॉवेल गुंडाळून बाथरूमबाहेर ताटकळतोय, आणि तुम्ही पळी हातात घेऊन माझी मजा बघताय. मग तुम्ही ओट्यावरची एवढीशी काचेची झडप उघडलीत. आत अंधारा शाफ्ट, पाइप, कबुतरांची घाण, खालून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज. "बघ की. आतून माप, बाहेरून माप. जे जुळत न्हाई तिथं काहीतरी असतं." मी डोकं आत घालून वर पाहिलं. खूप उंचावर आकाशाचा चौकोन होता.

त्यामुळे त्या इमारतीची बेरीज चुकली तेव्हा आपल्याला दोघांनाही लगेच कळलं. बाहेरून लांबी चोपन्न फूट. आतल्या खोल्या आणि भिंती मिळवल्या तर एक हजार सत्तर मिलिमीटर कमी, म्हणजे आपले साडेतीन फूट. मधली भिंत त्या आर्किटेक्टनं दीड फुटाची धरली होती. ती भरीव असायची तर पाच फुटांची हवी. तुम्ही म्हणालात, पाच फुटांची भिंत तुमच्या वसईच्या किल्ल्याला असते, लोणी विकायच्या बाजाराला नाही. मग तुम्ही मला बाहेरच्या फोटोतल्या वरच्या मजल्याच्या खिडक्या मोजायला लावल्यात. सात. आतल्या फोटोत मोजल्या. सहा. सातवीचं मखर बाहेरून तसंच, फक्त मागे विटा. तुम्ही खुर्चीत मागे रेललात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "खाली कोठडी, वर कोर्ट. आता सांग, कैद्याला भर बाजारातनं, बायाबापड्यांच्या मधनं वर नेतील व्हय? त्याचा वेगळा जिना असणार. कोर्ट गेलं, जिना बुजवला, लोक विसरले." साडेतीन हजार मैलांवर, ट्यूबलाइटखाली बसून, डोळ्यांना नीट दिसत नसताना, तुम्ही तो जिना पाहिला होता.

तुम्हाला फक्त एका ओळीचा फॅक्स करायचा होता, की इथे पोकळी दिसते, कृपया पुन्हा मोजून कळवा. मॅनेजरनं तो कागद हातातसुद्धा घेतला नाही. "पूछेंगे तो वो फिर आदमी भेजेंगे, दो हफ्ते गये. अपना काम है बनाना. जैसा दिया वैसा बनाओ. यल्ला, खलास करो." आणि मग, दारापर्यंत पोचलेल्या तुम्हाला त्यानं मागून ऐकवलं, "आपकी बेटी की शादी है ना? थर्सडे को ड्रॉइंग कुरिअर में, थर्सडे को पासपोर्ट आपके हाथ में. इन्शाल्ला." तुमच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न रविवारी होतं. तिकीट शुक्रवारचं. दुबईतल्या तुमच्या सोळा वर्षांत तिचे दोनच वाढदिवस तुम्ही पाहिले होते, हे तुम्हीच मला एकदा बोटांवर मोजून सांगितलं होतंत.

बुधवारी सकाळी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. चेहरा ओढलेला. म्हणालात, "उद्या मीच बाहेरनं फॅक्स करतो. चुकीच्या नकाशावर सही नाही करायची. लगीन काय, माझ्यावाचून अडणार नाही, मामा आहेत तिचे." आणि शांतपणे डबा उघडून बसलात. मला तुमचा इतका राग आला, काका, की त्या अर्ध्या फुटाच्या स्केलनं तुमच्या डोक्यात एक घालावी असं वाटलं. एका परक्या गावच्या बुजलेल्या जिन्यासाठी पोटच्या पोरीचं लग्न सोडणारा माणूस! दुपारी एक ते चार ऑफिस बंद असायचं. सगळे जेवून जिथे जागा मिळेल तिथे आडवे व्हायचे. तुम्ही जुन्या ड्रॉइंगांच्या ढिगाला टेकून झोपला होता, तोंडावर रुमाल. मी कॉम्प्युटर चालू केला. ती जागा निवडली, आणि भरीव विटांच्या तिरप्या रेघा त्यात ओतल्या. दोन क्लिक. पाच फुटांची काळी भिंत उभी राहिली आणि बेरीज चोख जुळली. तळमजला, पहिला मजला, मधला छेद, तिन्ही कागद.

तुम्ही उठल्यावर मी ते प्रिंट तुमच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, माझंच वाचताना चुकलं होतं, आर्किटेक्टच्या एका कागदावर भिंतीचं माप वेगळं आहे, भिंत भरीव आहे. "जुळलं?" तुम्ही विचारलंत. जुळलं, मी म्हटलं. "आणि सातवी खिडकी?" ती नुसती शोभेची असेल, दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून. तुम्ही त्या काळ्या भिंतीवरून बोट फिरवलंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. तो कागद दाखव, असं तुम्ही म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. "तुझे डोळे म्हणतात तसं," एवढं बोललात आणि 'चेक्ड बाय'च्या चौकटीत सही केलीत.

गुरुवारी कुरिअर गेलं, तुम्हाला पासपोर्ट मिळाला. शुक्रवारी तुम्ही गेलात. तीन आठवड्यांनी परत आलात तेव्हा मी तिथे नव्हते. मला अबुधाबीत नोकरी मिळाली होती. तुम्ही आणलेले कंदी पेढे एकाबरोबर बसनं पाठवलेत, सोबत लग्नाचा एक फोटो. फेटा बांधलेले तुम्ही, आणि तुमच्याकडे बघून हसणारी तुमची लेक. पुढचं मला जुन्या ऑफिसातल्या एकानं फोनवर सांगितलं. इंग्लंडमध्ये त्या भिंतीला वायर घालायला भोक पाडलं, तर ड्रिल एकदम आत गेलं. जिना सापडला. तिकडच्या आर्किटेक्टला आनंदच झाला म्हणे, पण त्यानं अगदी सभ्यपणे विचारलं की तुमच्या नकाशात ही भिंत भरीव आहे, ती कोणी तपासली? सही तुमची होती. पुढची कामं यायची थांबली. मॅनेजरनं तुम्हाला काढलं नाही, काढलं असतं तर बरं झालं असतं. करार दोन वर्षांचा बाकी होता, तो पुरा करा म्हणाला, आणि दुबईबाहेर वाळवंटात, इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, कारखान्याच्या शेड उभ्या राहत होत्या तिथे साइटवर पाठवलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, मोतीबिंदूचे डोळे, उन्हात पांढरीशुभ्र वाळू आणि पत्रे. मी तुम्हाला एकदा फोन केला. ओठांवर आलं होतं सगळं. तुम्ही म्हणालात, "बरंय माझं. इथं सगळं काटकोनातच असतं गं, मजा न्हाई." मी हसले आणि फोन ठेवला.

करार संपून तुम्ही घरी गेलात तेव्हा एका डोळ्याचं ऑपरेशन करून उपयोग झाला नाही, दुसऱ्याचं यशस्वी झालं. आणि दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तुम्ही झोपेतच गेलात. मला कळायला महिना लागला. पुढच्या सुट्टीत मी वसईहून कराडला आले, तुमच्या लेकीकडे. मी ठरवूनच आले होते की आज सांगायचं. चर्चमध्ये फादरपुढे गुडघे टेकून मी काय काय कबूल केलंय, रागाचं, मत्सराचं, मम्माला टाकून बोलल्याचं. पण फादर, मी एक भिंत भरली, हे कसं सांगायचं? ते बिचारे विचारणार, कसली भिंत? म्हणून म्हटलं, तुमच्या लेकीला सांगेन, तिला कळेल.

मी तोंड उघडायच्या आत तिनंच माझा हात धरला. "तुम्हीच ना त्या? बाबा सगळ्यांना सांगायचे. म्हणायचे, माझ्या तिकडच्या पोरीनं ह्या पोरीच्या लग्नासाठी एक आख्खी भिंत भरून टाकली. मला उमगलं होतं, पण तिचं मन मोडवेना, आणि मलाबी यायचंच होतं. आयुष्यात एकदाच खोटी सही केली, त्याचं काही वाटत नाही, म्हणायचे." तिचे डोळे भरले होते. म्हणाली, ताई, तुमच्यामुळे बाबा माझ्या लग्नात होते.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. उन्हात दोन वर्षं उभे होता तेव्हाही ठाऊक होतं, आणि एका शब्दानं तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. आणि ते सगळं तुम्ही सोसलंत कारण तुम्हाला वाटलं की पोरीनं माया केली.

काका, आता ऐका. त्या सोमवारी, तुमचा फॅक्स नाकारायच्या आदल्या दिवशी, मॅनेजरनं मला आत बोलावलं होतं. अबुधाबीच्या ऑफिसचं पत्र मी महिनाभर पर्समध्ये घेऊन हिंडत होते, ते त्याला कुठून तरी कळलं होतं. तो म्हणाला, "अंकल के दिमाग में पुरानी बिल्डिंग घुस गयी है. तुम ये जॉब थर्सडे को भिजवा दो, मैं तुम्हारा एनओसी साइन करता हूँ." गुरुवारी तुम्ही पासपोर्ट खिशात घालून, मला हात हलवून, व्हॅनकडे गेलात. दहा मिनिटांनी मी त्याच खोलीत गेले. त्यानं तीच तिजोरी उघडली आणि माझा पासपोर्ट आणि ते पत्र माझ्यापुढे टाकलं. मी पत्र तिथेच दोनदा वाचून पाहिलं. बुधवारी दुपारी माझ्या मनात तुमची लेक नव्हती असं नाही. होती. पण ती नसती, तुमच्या घरी कुणाचंच लग्न नसतं, तरी ती भिंत मी भरलीच असती.

हे पत्र मी तुमच्या स्केलबरोबर खणात ठेवणार आहे. तुमच्या लेकीला पाठवायचं दोनदा मनात आलं. तिला आता जिन्याचे फोटो तेवढे पाठवीन. त्या दिवशी कराडला तिनं माझा हात धरून ठेवला होता बराच वेळ, मी निघेपर्यंत. मी तो सोडवून घेतला नाही.